पुण्यात नवी मोटारसायकल घेताना: भाव कुठे करायचा आणि कुठे नाही

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या बहुतेक जण विचारतात, "डिस्काउंट किती देणार?" समोरचा हसून सांगतो, "सर, एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, आमच्या हातात काही नाही." त्यात बरंचसं तथ्य असतं, त्यामुळे आपण गप्प बसतो आणि तो पुढे करेल त्या कागदावर सही करतो.

पैसे वाचतात ते दुसरीकडे. एक्स-शोरूम, म्हणजे गाडीची नुसती किंमत, आणि ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, या दोन आकड्यांमध्ये जे काही भरलेलं असतं, त्यात. त्यातला काही भाग सरकारचा असतो आणि तो एक रुपयाने कमी होत नाही. उरलेला भाग शोरूमचा असतो आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर बोलता येतं. कुठली ओळ कुणाची, हे ओळखता आलं की भाव करायला फार हुशारी लागत नाही.

मी पुण्यातच गाडी घेतली. नंतर ऑफिसमधल्या मुलांबरोबर, शेजारच्यांबरोबर बऱ्याच शोरूममध्ये जाऊन बसलो. लातूर, नांदेड, जळगावहून नोकरीला आलेली मुलं-मुली, पगारातून साठवलेले पैसे, घरातली पहिलीच नवी गाडी आणि कोटेशनमध्ये निष्कारण घातलेले आठ-दहा हजार. हे पुन्हा पुन्हा पाहिलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

१. मॉडेल, व्हेरियंट आणि पत्ता घरूनच ठरवून जा

"बघू, काय चांगलं आहे" म्हणत गेलात तर स्टॉकमध्ये पडून असलेली गाडी तुमच्या गळ्यात पडेल. मॉडेल, व्हेरियंट, रंग, सगळं ठरवून जा. रंगाच्या बाबतीत थोडी लवचिकता ठेवलीत तर तीच पुढे भाव करताना कामी येते, पण ते आधीच बोलून दाखवू नका.

मॉडेल ठरवताना इंजिनाच्या सीसीकडे नीट बघा, कारण टॅक्स आणि इन्शुरन्स त्यावरच ठरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे ४० टक्के. थर्ड पार्टी इन्शुरन्सचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचे टप्पे ७५, १५० आणि ३५० सीसीवर बदलतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि त्यापुढे १५,११७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १४९ सीसीच्या गाडीऐवजी १६० सीसीची घेतली की फक्त या एका ओळीत चार हजारांहून जास्त फरक पडतो. दोन मॉडेलांत घुटमळत असाल तर एक्स-शोरूमची तुलना पुरत नाही.

टेस्ट राइडला लायसन्स सोबत न्या. शोरूमच्या गल्लीतली एक चक्कर काही कामाची नाही. चढ आणि सिग्नलची गर्दी दोन्ही लागेल असा रस्ता मागा आणि मागे कुणाला तरी बसवून चालवा.

राहिला पत्ता. पुणे शहराचा पत्ता असेल तर पासिंग एमएच-१२ ला होतं, पिंपरी-चिंचवडचा असेल तर एमएच-१४ ला. भाड्याने राहत असाल आणि आधार गावाकडचं असेल, तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो. रूमवर राहणाऱ्यांकडे पुष्कळदा घरमालकाने दिलेला साधा नोटरी केलेला कागद असतो. तो चालेल का, हे बुकिंगच्या आधी विचारून घ्या. बुकिंग झाल्यावर हा प्रश्न निघाला की शोरूमचा माणूस "करून देतो, पण खर्च येईल" म्हणतो आणि कोटेशनमध्ये आणखी एक ओळ वाढते.

२. कोटेशनची फोड मागा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

तोंडी ऑन-रोड आकडा ऐकून घेऊन बाहेर पडू नका. "दादा, मला प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेलं कोटेशन द्या, शिक्क्यासह किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर," असं सरळ सांगा. काही ठिकाणी "बुकिंग केल्यावर देतो" असं उत्तर येतं. अशा ठिकाणी बसून राहण्यात अर्थ नाही. पुण्यात शोरूमना तोटा नाही.

कागद हातात आला की ओळी दोन गटांत लावा.

पहिला गट सरकारचा आणि कंपनीचा. एक्स-शोरूम किंमत, यात जीएसटी आलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर पुणे शहर निवडून ती ताडून बघा. मग वाहन कर, म्हणजे आपण ज्याला आरटीओ टॅक्स म्हणतो तो. महाराष्ट्रात दुचाकीला सीसीनुसार १०, ११ किंवा १२ टक्के: शंभर सीसीच्या आतल्या गाडीला १०, तिनशेच्या आतल्या गाडीला ११ आणि त्यापुढे १२. मग नोंदणी शुल्क, आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) स्मार्ट कार्ड, कर्ज असेल तर त्याची आरसीवरची नोंद. हे सगळं मिळून हजाराच्या आसपासचं काम आहे. आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स, ज्याचे दर सरकार ठरवतं.

दुसऱ्या गटात बाकी सगळं: हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, आरटीओ सर्व्हिस, अ‍ॅक्सेसरीज किट, टेफ्लॉन कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, रोडसाइड असिस्टन्स, इन्शुरन्समधला ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग आणि त्यावरची अ‍ॅड-ऑन कव्हर्स.

एक हिशोब करून दाखवतो. समजा गाडी १५० सीसीच्या आतली आहे आणि एक्स-शोरूम १,००,००० रुपये आहे. ११ टक्क्यांनी टॅक्स ११,००० च्या आसपास. पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता जीएसटी धरून ४,५४४. झाले सुमारे १,१५,५००. कोटेशनवर १,२८,००० लिहिलेत, तर मधले साडेबारा हजार कशाचे, हा तुमचा प्रश्न. त्यात काही शे रुपये नोंदणीचे, काही रक्कम ओन डॅमेज इन्शुरन्सची, इतकं रास्त आहे. उरलेल्या प्रत्येक रुपयासाठी शोरूमने तुम्हाला कारण द्यायचं असतं.

बहुतेक जण इथे फसतात ते "आरटीओ: १४,८००" अशा एका गठ्ठ्याच्या ओळीत. टॅक्स, शुल्क आणि एजंटचे पैसे तिघेही त्यात बसलेले असतात. ही ओळ फोडूनच घ्या आणि सांगून ठेवा की टॅक्सची पावती मला लागेल. पावतीवर तुमचं नाव आणि भरलेली नेमकी रक्कम असते. पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटेशनमध्ये हा आकडा सहसा आपोआप खाली येतो.

३. "कंपल्सरी आहे" हे वाक्य तपासून घ्या

हँडलिंग चार्जेस म्हणजे गाडी गोदामातून शोरूमला आणणं, धुणं, पुसणं. कुठल्याही सरकारी पावतीत ही रक्कम नसते. ती काढून टाकायला सांगा. वाद घालायची गरज नाही. "ही ओळ सोडून बाकीचं मान्य आहे," इतकंच म्हणा आणि गप्प बसा. शांतपणे थांबणाऱ्या माणसाला शोरूमवाले वैतागत नाहीत, उलट मॅनेजरला विचारून येतात.

साडी गार्डचे पैसे वेगळे लावलेले दिसले तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगा. मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, हे तिन्ही मोटारसायकलला असलंच पाहिजे असं तो नियम म्हणतो. जे गाडीत असायलाच हवं, ते अ‍ॅक्सेसरी होत नाही.

हेल्मेटचंही तसंच. नियम १३८ प्रमाणे दुचाकीच्या खरेदीवेळी आयएसआय मानकाचं हेल्मेट उत्पादकाने द्यायचं असतं. ते मिळतं, पण मागितलं तर. मिळालेलं हेल्मेट डोक्याला नीट बसत नसेल तर चांगलं वेगळं विकत घ्या, तिथे काटकसर करू नका.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना कंपनीकडूनच येते. तिचे वेगळे पैसे दिसले तर कशाचे ते विचारा.

क्रॅश गार्ड, सीट कव्हर, मोबाइल होल्डर, टाकीचं पॅड या वस्तू हव्या असतील तर आधी नाना पेठेत एक फेरी मारा. दुचाकीच्या सामानाचा तो जुना बाजार आहे आणि भाव कळले की शोरूमच्या किटची किंमत किती फुगवलेली आहे ते लगेच समजतं. एक काळजी मात्र घ्या: वायरिंग कापून बसवायच्या वस्तू, म्हणजे जादाचे दिवे, मोठा हॉर्न वगैरे, बाहेर बसवल्याने वॉरंटीचा प्रश्न उभा राहू शकतो. तेवढ्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच बसवा.

टेफ्लॉन कोटिंगला माझा सरळ नकार आहे. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र वाईट नाही. ती नंतरही घेता येते का आणि किती महिन्यांच्या आत, हे विचारून ठेवा आणि त्या दिवशीच्या घाईत घेऊ नका.

४. इन्शुरन्स शोरूमकडूनच घ्यायला हवा असं नाही

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम घ्यावा लागतो. त्यासोबत साधारणपणे एक वर्षाचा ओन डॅमेज असतो. थर्ड पार्टीचा दर सगळीकडे तोच. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये आणि झिरो डेप्रिसिएशनसारख्या (दाव्याच्या वेळी घसारा न कापणाऱ्या) अ‍ॅड-ऑनमध्ये.

पॉलिसी कुठून घ्यायची हे तुम्ही ठरवता. शोरूम त्यासाठी सक्ती करू शकत नाही. पण व्यवहारात एक अडचण येते. पॉलिसीसाठी चासी नंबर आणि इंजिन नंबर लागतो आणि तो गाडी तुमच्या नावाला अलॉट झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणून आधी दोन-तीन कंपन्यांचे ऑनलाइन दर काढून ठेवा आणि ते शोरूमला दाखवा: "ताई, याच आयडीव्हीला (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीला) आणि याच कव्हरला हा दर मिळतोय. तुम्ही जुळवता का, का मी बाहेरून काढू?" बहुतेक वेळा जुळवून देतात. ते जमलं तर शोरूमकडूनच घेतलेलं सोयीचं, कारण पासिंगचं काम अडत नाही.

तुलना करताना आयडीव्ही सारखीच आहे का ते बघा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ती खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवलेला असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर तुम्हालाच कमी मिळणार.

वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा, मालक-चालकाला लागतो. तुमच्याकडे आधीच्या गाडीवर किंवा स्वतंत्रपणे तेवढं कव्हर असेल, तर तसं लिहून देऊन पुन्हा पैसे भरणं टाळता येतं.

५. तीन शोरूम, एकाच आठवड्यात

एकाच कंपनीच्या तीन शोरूमचं कोटेशन घ्या. कर्वे रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता, चिंचवड, तुम्हाला जमतील ती तीन. एका आठवड्यात यासाठी की स्कीम महिन्यागणिक बदलते आणि जुन्या महिन्याचं कोटेशन दुसरीकडे दाखवून उपयोग नसतो.

सगळ्यांत कमी कोटेशन घेऊन घराजवळच्या शोरूमला परत जा. पहिल्या काही सर्व्हिसिंगसाठी तुम्ही तिथेच जाणार आहात, त्यामुळे पाचशे-हजाराच्या फरकासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी घेण्यात मला शहाणपण वाटत नाही. फरक चार-पाच हजारांचा असेल तर जरूर घ्या. सर्व्हिस कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरला होते.

६. कधी जायचं

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी, दिवाळी पाडवा. या दिवसांच्या आधीच्या आठवड्यात शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते. कंपनीच्या स्कीम तेव्हा असतात हे खरं, पण शोरूमकडून आणखी काही सुटेल ही आशा सोडा. रांगेत तुमच्या मागे चार जण उभे असतात.

त्याउलट पितृपक्ष. गाडी घ्यायला लोक टाळतात, सेल्समन रिकामे बसलेले असतात आणि टार्गेट मात्र असतंच. तुम्हाला किंवा घरच्यांना त्याचं वावडं नसेल तर याच दिवसांत घ्या. वावडं असेल तर कोटेशन आणि सगळी बोलणी पितृपक्षात करून ठेवा, बुकिंग घटस्थापनेला करा आणि डिलिव्हरी दसऱ्याला. भाव लेखी घेतलेला असला की ऐन दसऱ्याच्या गर्दीतही तो बदलत नाही.

महिन्याचे शेवटचे चार दिवस आणि मार्चअखेर हेही चांगले. डिसेंबरात वर्ष बदलायच्या बेताला जुन्या वर्षाच्या गाड्या काढायची घाई असते. तिथे सूट मोठी मागा, कारण आरसीवर उत्पादनाचं वर्ष मागचं लागतं आणि पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक तेच बघतं.

७. कर्ज घेणार असाल तर ईएमआयवर बोलू नका

"महिन्याला फक्त २,८२२ रुपये" हे ऐकायला बरं वाटतं. ८०,००० रुपयांचं कर्ज, तीन वर्षं, "९ टक्के" व्याज. हा दर फ्लॅट असेल तर पूर्ण तीन वर्षं ८०,००० वरच व्याज लागतं: २१,६०० रुपये. पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला फेडत असता. घटत्या मुद्दलाच्या हिशोबाने हाच दर १६ टक्क्यांच्या वर जातो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. शोरूममध्ये त्याला केएफएस म्हणतात. ते हातात घेतल्याशिवाय सही नको. त्यात प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारी रक्कम हे तिन्ही बघा. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचारा.

आणि एक. काही ठिकाणी फायनान्स घेणाऱ्याला जास्त सूट मिळते, कारण शोरूमला त्यावर कमिशन असतं. पूर्ण पैसे भरायची तयारी असली तरी ते शेवटी सांगा. आधी भाव ठरू दे.

८. जुनी गाडी एक्सचेंजला देताना

दोन सौदे एकत्र होऊ देऊ नका. नव्या गाडीचा भाव पक्का झाल्यावरच जुनीची किंमत काढायला सांगा, नाहीतर इकडे वाढवून तिकडे कमी केलेलं कळत नाही. बाहेर किती मिळतील ते आधी बघून ठेवा. जुनी दिलीत तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून त्यांच्या प्रती घ्या, गाडी ताब्यात घेतल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घ्या आणि नाव बदललं का ते परिवहनच्या संकेतस्थळावर तपासत राहा. नाव बदलेपर्यंत चलन तुमच्याच नावाने येतं.

९. बुकिंग

कमीत कमी रक्कम भरा आणि ऑनलाइन किंवा चेकनेच भरा. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, ठरलेली ऑन-रोड किंमत, फुकट मिळणाऱ्या वस्तूंची यादी, डिलिव्हरीची अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या. "ते मी बघतो ना" असं म्हणणारा सेल्समन पुढच्या महिन्यात दुसऱ्या शोरूमला गेलेला असू शकतो.

सोबत लागणारी कागदपत्रं:

- आधार आणि पॅन
- पुण्याच्या पत्त्याचा पुरावा: वीज बिल, नोंदणीकृत भाडेकरार, यांपैकी जो असेल तो
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- कर्जासाठी पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट
- कॉर्पोरेट किंवा विद्यार्थी स्कीम असेल तर ओळखपत्र

१०. पासिंगच्या आधी गाडी डोळ्यांनी बघा

हे बरेच जण डिलिव्हरीच्या दिवशी करतात, तेव्हा उशीर झालेला असतो. एकदा तुमच्या नावाने नोंदणी झाली की ती चासी तुमची. मग टाकीवर ओरखडा दिसला तरी गाडी बदलून मिळत नाही, फार तर पॉलिश करून मिळतं. म्हणून अलॉट झालेली गाडी इन्शुरन्स आणि पासिंगच्या आधी दाखवायला सांगा, ती गोदामात असली तरी तिथे जा, दिवसाउजेडी जा.

चासी आणि इंजिनवर कोरलेले नंबर कागदावरच्या नंबरांशी जुळवा. उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारा, ते फॉर्म २१ वर म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. टायरवर चार आकडी शिक्का असतो: ३५२५ म्हणजे २०२५ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. दोन्ही टायर गाडीच्या वयाशी मिळतेजुळते हवेत. ओडोमीटर बघा. रंग, टाकीच्या कडा, सायलेन्सर, रिम यांवर हात फिरवा. गाडी सुरू करून सगळे दिवे, हॉर्न, दोन्ही ब्रेक तपासा. पसंत पडली की चासी नंबरचा फोटो काढून सेल्समनला पाठवा आणि लिहा, "हीच गाडी मला हवी."

११. डिलिव्हरी

नोंदणी क्रमांकाशिवाय, तात्पुरता का होईना, गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायला नियमाने बंदी आहे. मुहूर्त गाठायचा म्हणून नंबर न मिळालेली गाडी रस्त्यावर काढू नका. मुहूर्त महत्त्वाचा असेल तर पासिंगला लागणारे दिवस धरून पैसे आधी भरा. पसंतीचा नंबर हवा असेल तर त्याची फी आणि अर्ज वेगळा असतो आणि त्यात आणखी दिवस जातात, हेही त्यात धरा.

गाडीसोबत ताब्यात घ्या: टॅक्स इन्व्हॉइस, इन्शुरन्स पॉलिसी, टॅक्सची पावती, फॉर्म २१ आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) यांच्या प्रती, वॉरंटी आणि सर्व्हिस बुक, बॅटरीचं कार्ड, दोन्ही किल्ल्या, टूलकिट, प्रथमोपचार पेटी, हेल्मेट. इन्व्हॉइसवरची रक्कम आणि तुम्ही भरलेली रक्कम यांचा मेळ तिथेच उभं राहून घाला. एखाद्या रकमेची पावती नसेल तर ती कशापोटी घेतली ते लिहून मागा. पॉलिसीवर नाव, चासी नंबर आणि आयडीव्ही बरोबर आहे का तेही बघा. चूक त्याच दिवशी सांगितली तर पटकन दुरुस्त होते.

शोरूमने ठरलेलं दिलं नाही आणि मॅनेजरही ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना कोटेशन, बुकिंगची पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडा. कर्जावर गाडी घेतली असेल तर शेवटचा हप्ता फिटल्यावर बँकेकडून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरची कर्जाची नोंद काढून घ्या. ती आपोआप निघत नाही आणि एनओसीची मुदत संपली की बँकेचे हेलपाटे पुन्हा घालावे लागतात.